मायाचा क्लब आणि विद्याची व्हायोलिनं : सिनेमातल्या जॅझविषयी

'सिनेमातला जॅझ' हा विषय वाचून भाट्यात याचं काय काम, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. म्हणून सुरुवात समोरच्या पाण्यापासूनच करू. खाडीच्या तोंडापलीकडे रत्नदुर्गाचा दीपस्तंभ दिसतो. त्याच्या बाहेरून एके काळी मुंबई–पणजी आगबोट जायची. बोट रत्नागिरीला थांबायची, पडावातून माणसं चढायची-उतरायची, आणि आपल्याकडचे लोक गिरणीत, गोदीत, घरकामाला मुंबई गाठायचे. त्याच बोटीवर, त्याच डेकवर, गोव्याहून निघालेली पोरंही असायची. त्यांच्या सामानात कधी व्हायोलिनची पेटी असायची, कधी ट्रम्पेट. आपली माणसं गिरगाव-परळच्या खोल्यांत उतरली, ती धोबीतलावच्या कुडांत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली उतरायची जागा, आपल्या गाववाल्यांच्या खोलीसारखीच. आजचा विषय त्या दुसऱ्या सामानाचा आहे.

एक खुलासा. हे व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून तयार केलं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. मोठेपणानं नव्हे.

निमित्त सांगतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 2008 साली 'जॅझ स्कोअर' नावाची चित्रपटांची मालिका दाखवली होती. कल्पना चांगली होती. जॅझ 'दिसतो' असे चित्रपट गोळा करण्यापेक्षा ज्यांच्यासाठी मुद्दाम जॅझ रचला गेला असे चित्रपट निवडायचे. कारण सिनेमात दिसणारा जॅझ फसवा असतो. पहिला बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 1927 चा 'द जॅझ सिंगर', त्यात जॅझ नावापुरताच. उलट लुई मालच्या पहिल्या मोठ्या चित्रपटात, फाशीच्या तख्ताकडे नेणाऱ्या लिफ्टच्या त्या गोष्टीत, जॅझ वाजवणारा एकही माणूस कथेत महत्त्वाचा नाही. पण 1957 च्या डिसेंबरात पॅरिसच्या एका स्टुडिओत माइल्स डेव्हिस आणि त्याचे साथीदार पडद्यावर फिरणारी दृश्यं बघत बघत वाजवत गेले, आणि जान मोरो रात्रीच्या रस्त्यांवरून प्रियकराला शोधत चालते ती चाल त्या ट्रम्पेटशिवाय आठवत नाही. म्हणजे संग्रहालयानं कानानं निवड केली. आम्हांला हे पटतं.

आता कल्पना करा, अशी मालिका आपल्याकडे करायची आहे. मुंबईत पेडर रोडवर गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 2019 च्या जानेवारीत ते सुरू झालं. तिथं 'हिंदी सिनेमातला जॅझ' असा महोत्सव भरवायचा आणि न्यूयॉर्कचाच नियम लावायचा, संगीतकाराचं नाव बघून चित्रपट निवडायचे. हा नियम इथं चालत नाही. का चालत नाही, हेच आज सांगायचं आहे.

मुंबईत जॅझ आला तो ताजमहाल हॉटेलच्या नाचघरातून. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड तिथं वाजवायला आला. मागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड तर इथलाच झाला, 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. या लोकांच्या शेजारी बसून, त्यांच्या बँडमध्ये शिरून गोव्याची मुलं शिकली. मुळाक्षरं त्यांना आधीच येत होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. चर्चमधल्या प्रार्थनेसाठी केलेली ही तयारी पुढे नाचघरात उपयोगी पडली. देवाच्या कामासाठी शिकलेलं माणूस पोटासाठी कुठं कुठं वापरतो ते आपल्या भजनी मंडळांतल्या पखवाजवाल्यांना विचारा. (हशा)

हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ हा त्यातला सगळ्यांत झगमगता. ट्रम्पेट वाजवायचा, गायचा आणि 'चिक चॉकलेट' या नावानं मिरवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. असं म्हणणं हा मान आहे की दुसऱ्याची सावली म्हणून बघणं आहे, हे आम्हांला कधी नीट ठरवता आलेलं नाही.

आणि मग 1949 चा मुंबईचा दारूबंदीचा कायदा आला. रात्रीच्या धंद्याला फटका बसला. वाजवणाऱ्यांना दिवसाचं काम हवं होतं आणि ते सिनेमाच्या स्टुडिओत होतं. यातली गंमत बघा. ज्या शहरात पेला उघडपणे भरता येत नाही, त्या शहराच्या पडद्यावर पुढली पंधरा-वीस वर्षं क्लबांचा सुकाळ आहे. ग्लास, धूर, झुंबर, मागं पांढऱ्या कोटातला बँड. खऱ्या क्लबात काम कमी झालेली माणसं खोट्या क्लबासाठी वाजवत होती.

स्टुडिओत काम कसं चालायचं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा. चाल म्हणजे एकच रेघ, गळ्याची. त्या रेघेभोवती काय उभं करायचं, म्हणजे गायिकेच्या मागं व्हायोलिनांनी काय म्हणायचं, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत सॅक्सोफोन येणार की बासरी, खाली कुठले स्वर एकत्र दाबायचे, हे लिहिणारा माणूस वेगळा. त्याला 'अरेंजर' म्हणत. तो ते सगळं कागदावर मांडायचा, प्रत्येक वादकाचा कागद वेगळा निघायचा, आणि मग गायक-वादक सगळे एकाच खोलीत एकदम वाजवायचे. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आपल्या शास्त्रीय संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उभे करायची रीत नाही, त्यामुळे हे लिहू शकणारी माणसं बहुतेक गोव्याची. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं तर 'असिस्टंट' म्हणून, बऱ्याचदा तेही नाही. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची नावं तर शोधूनही सापडत नाहीत. म्हणजे संगीतकाराच्या नावानं चित्रपट निवडले तर चिक चॉकलेटनं स्वतः संगीत दिलेला 1951 चा 'नादान' यांसारखे मोजकेच हाती लागतील, आणि त्याचं खरं काम बाहेर राहील.

आता आपल्या माणसाकडे येऊ. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म 1918, गाव पुणतांबे, तेव्हाचा जिल्हा अहमदनगर. शिक्षण शास्त्रीय संगीताचं. आणि या माणसाला पाश्चात्त्य तालाचं वेड. 1947 मध्ये त्यानं 'शहनाई' नावाच्या चित्रपटात रविवारचं आमंत्रण देणारं ते गाणं केलं. सनईचं नाव घेऊन आलेल्या चित्रपटात साहेबी ढंगाचं गाणं सगळ्यांत गाजावं, हा विनोद त्यांना स्वतःलाही आवडला असणार. पुढे 1951 चा 'अलबेला'. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. चिक चॉकलेट या चित्रपटात चितळकरांच्या सोबत होता, आणि तो आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतोसुद्धा. क्षणभर, पण दिसतो.

'अलबेला' आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. गोष्ट साधीच आहे, घरातून हाकललेला मुलगा नाटकात नाव काढतो. पण संगीत ऐकताना एक जाणवतं. एकीकडे रुंबा-सांबाच्या चालीवर सजवलेली स्टेजवरची गाणी आहेत, दुसरीकडे लताबाईंची ती पिलूतली अंगाई. दोन्ही एकाच माणसाची आहेत आणि एक खरं, दुसरं उसनं असं अजिबात वाटत नाही. भगवानदादांचं नाचणंही तसंच. पाय फारसे हलत नाहीत, खांदे आणि हात बोलतात, कुठल्याही माणसाला जमेल असं. म्हणून तर ते नाचणं थेट गणपतीच्या मिरवणुकीत गेलं. कोकणातल्या वरातींत बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' किती वेळा वाजवलं असेल! चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटचे पडसाद आपल्या पाखाडीतून गेले आहेत, फक्त कोणी त्याला जॅझ म्हटलं नाही आणि त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

1957 च्या 'आशा'मधल्या 'ईना मीना डीका'ची कथा तर सांगायलाच हवी. शब्द अर्थहीन, मुलांच्या खेळातून सुचलेले. त्यात वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स या गोवेकर वादकानं 'मला नको' या अर्थाचे दोन कोकणी शब्द घातले, असं सांगतात. उरलेल्या हिंदुस्थानाला ते बडबडगीत. मालवणी कानाला मात्र त्यात एक माणूस स्वच्छपणे 'नको' म्हणताना ऐकू येतो. श्रेयनामावलीत नाव नसलेल्यांनी गाण्यात सही करून ठेवावी, तसं हे आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं चोरलेलं नाही का? 'समाधी'तलं 'गोरे गोरे' ऐका आणि कार्मेन मिरांडाचं पोर्तो रिकोच्या चिकोचं गाणं ऐका, उचललेलं कळतं. कळतंच, नाकारायचं कारण नाही. चितळकरांची सगळीच गाणी सारख्या वजनाची नाहीत आणि काही तर निव्वळ नक्कल आहेत. पण जॅझमध्ये सुरावट कुठून आली यापेक्षा ती घेऊन तुम्ही काय केलंत याला मान असतो. या कसोटीवर 'अलबेला' उतरतो, 'गोरे गोरे' जेमतेम.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जॅझ म्हणजे जागच्या जागी सुचणं. दशावतारात जसं कथानक ठरलेलं, पण संवाद कागदावर नसतात, नट रंगात आला की संकासुर कुठल्या कुठं जातो आणि हार्मोनियम-पखवाजवाले त्याला सांभाळतात, तसं. सिनेमाचं गाणं तीन-चार मिनिटांचं, प्रत्येक स्वर लिहिलेला. मग याला जॅझ कसं म्हणायचं? आमचं उत्तर असं, की संपूर्ण गाण्याला म्हणू नका. पण दोन कडव्यांच्या मधली ती आठ-दहा सेकंदांची जागा ऐका. तिथं ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन येतो आणि एकदम श्वास मोकळा होतो, ताल तोच असून स्वर किंचित मागं रेंगाळतो. ते रेंगाळणं कागदावर लिहिता येत नाही. ते रात्ररात्र नाचघरात वाजवलेल्या माणसाच्याच ओठांत असतं. पॅरिसमध्ये माइल्सला अख्खी रात्र मिळाली, इथं आठ सेकंद मिळाली. एवढ्यात जे झालं ते मोजायला हवं.

आता ज्या चित्रपटावर आम्ही सगळ्यांत जास्त भांडलो तो, 'श्री 420'. 1955, राज कपूर. दोन स्त्रिया. एकीचं नाव विद्या, दुसरीचं माया. नावांतच निकाल. विद्या साधी साडी नेसते, मुलांना शिकवते. माया क्लबात असते, तिच्या हातात लांब सिगारेट-होल्डर. 'मुड मुड के' हे गाणं मायाचं. नादिरा समोर, आवाज आशाबाईंचा, आणि राजूनं मागं वळून बघू नये म्हणून ती त्याला खुणावते. आधी तो खिन्न, मग मन्ना डे यांच्या आवाजात तोही सामील होतो, लय वाढते, ब्रास कडाडतं आणि राजू घसरला हे आपल्याला कळतं. म्हणजे जॅझ वाजला की माणूस बिघडला. पुढं विद्याच्या वाट्याला नेमकं उलटं गाणं येतं. जाणाऱ्यानं एकदा तरी वळून बघावं, असं ते विनवतं. एक म्हणते वळू नकोस, दुसरी म्हणते वळून बघ. पटकथेची ही जोडणी आम्हांला आजही फार हुशार वाटते.

पण ती डोळ्यांची जोडणी आहे. कान काय सांगतात? शंकर-जयकिशनच्या गाण्यांची मांडणी सेबॅस्टियन डिसूझांकडे असे. फाळणीनंतर लाहोरहून मुंबईत आलेला हा गोवेकर. ढोलकी-तबल्याची बाजू दत्ताराम वाडकरांकडे, ज्यांच्या नावानं 'दत्ताराम ठेका' ओळखला जातो. ही माणसं मायाच्या गाण्याला एक आणि विद्याच्या गाण्याला दुसरी, अशी नव्हती. छत्रीखालच्या त्या पावसातल्या गाण्यात विद्या आणि राजूच्या मागं जी व्हायोलिनं भरून येतात, तीही त्याच हातांची. गायिकेची ओळ संपते न संपते तोच व्हायोलिनं तिला उत्तर देतात, तिच्याहून वेगळं काही म्हणतात आणि तरी तिला सोडत नाहीत. ही सवय नाचघरातल्या बँडची आणि चर्चमधल्या समूहगानाची. सिनेमा पडद्यावर पूर्व आणि पश्चिम, सोज्वळ आणि नासलेलं, अशी रेघ मारतो. त्याच सिनेमाचा ध्वनिपट ती रेघ मानत नाही. विद्येची सगळी सोज्वळता मायाच्या बँडनं वाजवली आहे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हे वाचून-ऐकून कळतं, प्रेक्षकाला कुठं कळत होतं? त्याच्यावर पडद्याचाच संस्कार झाला. हे खरं आहे. 'पीटर', 'मायकल', 'रोझी' म्हणजे दारुडा, गुंडाचा हस्तक किंवा क्लबातली बाई, हा हिशेब हिंदी सिनेमानं कित्येक वर्षं ठेवला. ज्या समाजानं त्याला वाद्यवृंद दिला, त्याच समाजाची पडद्यावरची ही पावती. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तलं गाणं आठवा. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव, अँथनी गोन्साल्विस, त्यात घातलं. शिष्याची ती मनापासून दिलेली दाद. पण देशानं ते नाव ऐकलं ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या टोपीवाल्या अमिताभचं म्हणून. मजोर्ड्याचा जो माणूस 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर रचलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेत होता, तो खरा असू शकतो हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. अशोक राणे यांनी पुढे त्यांच्यावर माहितीपट केला, तो अशा मालिकेत पहिल्या दिवशी दाखवला पाहिजे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 1947 च्या 'न्यू ऑर्लिन्स' या चित्रपटात बिली हॉलिडे आहे, आणि तिला भूमिका मोलकरणीची. 1944 चा 'जॅमिन द ब्लूज' हा दहा मिनिटांचा लघुपट दृश्य म्हणून अप्रतिम आहे, पण त्यातला गोरा गिटारवाला बार्नी केसेल अंधारात बसवलेला आहे. काळे-गोरे एकत्र वाजवताना दाखवले तर दक्षिणेतल्या चित्रपटगृहांत पंचाईत. जवळून दिसणाऱ्या त्याच्या हातांना फळांचा रस लावून ते काळे केले होते, असं सांगतात. ध्वनिपटावर सगळे एकत्र, चित्रावर रेघ. 'श्री 420' पाहिल्यावर हे आपल्याला ओळखीचं वाटतं.

अलीकडच्या दोन चित्रपटांबद्दल थोडक्यात. अनुराग कश्यपचा 'बॉम्बे वेल्वेट', 2015. साठच्या दशकातली मुंबई श्रीलंकेत उभी केली, क्लब झळाळून टाकला. पण वाजवणारे त्यात फर्निचरसारखे आहेत. कॅमेरा गायिकेवर, बंदुकीवर, झुंबरावर. ट्रम्पेटवाल्याचं घर कुठं, त्याला किती पैसे मिळत, हे विचारायची चित्रपटाला उसंत नाही. त्यापेक्षा बार्डरॉय बारेट्टो यांचा 'नाचूंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट कितीतरी जवळचा. क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या आयुष्यावरून बेतलेला, पेरींच्याच गाण्यांवर ओवलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. गाणी जिथं वाजतात तिथं तो उजळतो. आमची तक्रार एकच, की शेवटाकडे सगळं दुःख प्रेमाचं होऊन बसतं. लोर्ना बरीच वर्षं गाण्यापासून दूर राहिली यात प्रेमभंगाइतकाच धंद्याचा, कराराचा, पुरुषाच्या हातातल्या बँडचा भाग असतो. तो चित्रपटात आहे, पण अश्रूंनी ओला होऊन अस्पष्ट झालेला.

याच्या शेजारी फ्रँक फर्नांड यांचं काम ठेवलं पाहिजे. दुसऱ्यांच्या चित्रपटांना ट्रम्पेट आणि मांडणी पुरवणाऱ्या या माणसानं पदरचं घालून दोन कोकणी चित्रपट काढले, 1963 मध्ये 'आमचें नशीब' आणि 1966 मध्ये 'निर्मोण'. दुसऱ्यावरून लगेच 'तकदीर' हा हिंदी चित्रपट निघाला. एरवी हिंदीसाठी पडद्यामागं राबणाऱ्यांची गोष्ट यावेळी हिंदीनं उचलली. वादकानं स्वतः निर्माता झाल्यावर पडद्यावर कोण माणसं येतात, तो गोवेकर ख्रिस्ती पडद्यावर दारुडाच राहतो की घर-संसार असलेला माणूस होतो, हे बघायला तरी हे दोन चित्रपट मोठ्या पडद्यावर लागायला हवेत.

तर अशी मालिका करायचीच झाली, तर आमची अट साधी आहे. प्रत्येक चित्रपटाच्या आधी, त्या गाण्यात कोणी मांडणी केली, ट्रम्पेट कोणाचं, ड्रम कोणाचा, जेवढं ठाऊक आहे तेवढं मोठ्यानं वाचून दाखवायचं. ठाऊक नसेल तिथं नुसतं वाद्याचं नाव वाचायचं आणि थांबायचं. ग्रेगरी बूथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी वादकांच्या मुलाखती घेऊन बरंच काम केलं आहे, नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर पुस्तक लिहिलं आहे. म्हणजे साहित्य नाही अशी सबब चालणार नाही. उत्सव करायला हरकत नाही, पण उत्सवात वाजंत्र्यांना जेवायला बसवतात का ते आपण गावात बघतोच ना?

आता दिवे घालवू. 'श्री 420'चे दोन तुकडे आहेत, मायाचं गाणं आणि छत्रीचं गाणं. दोन्ही आधी पडदा झाकून ऐकवणार आहोत. मागच्या बाकांवर ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनी पुढं सरका, समुद्राचा आवाज आज जरा जास्त आहे.